उकड आणि सी-फॉर्म

मी तिच्यावर जळत होते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पत्रकं लिहिताना मी एवढंच शिकले आहे: मुद्दा वर, कारणं खाली. उलटं केलं की लोक कागद घडी घालून त्यावर शेंगदाणे खातात.

ती पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातून बडोद्याला संख्याशास्त्र शिकायला आली होती. तिला आमच्या घरी मीच आणलं. म्हणजे दोष द्यायला दुसरं कुणी नाही.

झालं असं. परदेशातून शिकायला आलेल्या मुलामुलींना आमच्या शहरात खोली मिळत नाही, यावर आमच्या गटाने पत्रक काढलं होतं. दलाल फोनवर हो म्हणतो, दारात चेहरा पाहिला की खोली कालच गेलेली असते. मग ‘आम्ही शाकाहारी सोसायटी’, मग ‘पाण्याचा प्रॉब्लेम’. मी मथळा दिला होता: ‘फी चालते, मग माणूस का चालत नाही?’ खाली सहा मुद्दे. मजकूर माझा, तीन भाषांत, दोन्ही बाजूंनी छापलेला. नंदेसरीतल्या कारखान्यांच्या गेटवर कामगारांना पत्रकं वाटून वाटून माझा हात असा तयार झालाय की समोरच्याने खिशातून हात काढायच्या आत कागद त्याच्या बोटांत असतो.

कॉलेजच्या फाटकाशी तिने तो घेतला. इतर मुलं चालता चालता वाचतात किंवा वाचतच नाहीत. ती माझ्यासमोर उभी राहून वाचत होती. पहिली बाजू, दुसरी बाजू. मग म्हणाली, “छान लिहिलंय. तुमच्या घरात खोली आहे?”

होती. मागची. तिच्यात माझं टेबल होतं, आणि पलंगाखाली, पलंगावर, खिडकीत माझे पत्रकांचे गठ्ठे होते.

घरी मी तीन दिवस भांडले. बाबा रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. ते हॉलमधल्या हिंचक्यावर बसून म्हणाले, “तुझी क्रांती रस्त्यावर ठीक आहे गं. घरात कशाला?” आई म्हणाली, “मुलगी आहे ना? मग प्रश्नच मिटला. पण जेवणार काय ती?” शेजारच्या काकी सोसायटीच्या सेक्रेटरी. त्या दारातूनच म्हणाल्या, “जोजो हां बेन, पछी कहेता नहीं!” नंतर आम्हाला सांगितलं नाही म्हणू नका, असा त्यांचा सूर. मी त्यांनाही एक पत्रक दिलं. चौथ्या दिवशी माझे गठ्ठे सोफ्याखाली गेले आणि रात्री ती दोन बॅगा घेऊन आली. मी आजवर बऱ्याच आंदोलनांत घसा फोडलाय. पहिल्या फटक्यात जिंकले ते हे एकच.

आता फॉर्मचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर अडलं. परदेशी माणूस आपल्या घरी राहायला आला की घरमालकाने चोवीस तासांत सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं. त्याला सी-फॉर्म म्हणतात. बहुतेक घरमालकांना तो माहीतच नसतो, आणि माहीत असला तरी कटकट नको म्हणून ते भरत नाहीत. त्यात घरमालकाचं काही अडत नाही. अडतं ते पुढे भाडेकरूचं, राहायचा परवाना वाढवायच्या वेळी. आमच्या पत्रकातला चौथा मुद्दा नेमका हाच होता, आणि तो जाड ठशात घ्यायला मीच लावला होता.

मी बाबांच्या नावाने खातं आधीच उघडून, मंजूर करून घेतलं होतं. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, फोटो, पत्ता. सगळं भरलं. फक्त ‘सबमिट’ उरलं होतं.

स्वयंपाकघरात ती तिच्या आईशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. आमची आई मागून डोकावत होती. पलीकडची बाई मोठ्या पातेल्यात मक्याचं पीठ लाकडी दांड्याने घोटत होती, आणि ही मुलगी नुसती ते पातेलं पाहत होती. आदल्या रात्रीपासून तिने आमच्याकडचं काही धड खाल्लं नव्हतं. पोहे चिवडले, पोळी तोडून ठेवली. आईने फोनमध्ये जवळजवळ नाक घातलं.

“अगं, ही तर उकड!” आई म्हणाली. “यांच्याकडे मक्याची करतात एवढंच.”

आणि आईने डबा काढला. ताकात तांदळाचं पीठ कालवलं, लसूण-मिरचीची फोडणी केली, आणि पदर खोचून घोटायला लागली. गुठळी होऊ न देता, एका दिशेने, हात न थांबवता. वाफ आणली. वाडग्यात घालून वर कच्च्या तेलाची धार सोडली. ती मुलगी हाताने खायला लागली, गोळा करून, अंगठ्याने खळगा पाडून. तिसऱ्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “खा बाळा.”

मी टेबलाशी होते. चार हातांवर.

मला उकड आवडते. लहानपणापासून. शेवटची कधी खाल्ली ते आठवत नाही, कारण दर वेळी उत्तर ठरलेलं: “कोण घोटत बसणार? माझा खांदा दुखतो. बाहेर गाडीवर खीचुं मिळतं, तेच ते. खाऊन ये.” तेच ते नसतं. गाडीवरचं खीचुं चांगलं असतं, पण ते विकत मिळतं. मी कुणाला म्हणाले नाही की मलाही दे. अठ्ठावीस वर्षांच्या बाईने, जिने आयुष्यभर हक्काने मागायचं असतं असं लोकांना सांगितलं, तिने तोंड उघडलं नाही. पातेल्यात खरवड उरली होती. ती आईने स्वतः खाल्ली.

मी लॅपटॉप मिटला. नंतर करू.

एवढंच घडलं. मी ठरवून काही केलं नाही, असं मी पुढचे काही महिने स्वतःला सांगत होते.

त्या दुपारी बाबांनी विचारलं, “फॉर्म गेला ना?” मी म्हणाले, “गेला.” तेव्हा अजून चार-पाच तास हातात होते, आणि मी खरंच पाठवणार होते. पण त्या संध्याकाळी ती कॉलेजातून आली, सरळ हिंचक्यावर बाबांच्या शेजारी बसली आणि दिवसभराचं सांगायला लागली: सर इंग्रजीत शिकवतात, पण विनोद करायचा असला की गुजरातीत शिरतात. सगळा वर्ग हसतो. मग मीही हसते, एक क्षण उशिरा, आणि तो एक क्षण सगळ्यांना दिसतो. बसमध्ये बायका न विचारता माझ्या वेण्या ओढून बघतात, खऱ्या आहेत का म्हणून. रिक्षावाला तीनदा विचारतो, क्रिकेट येतं का.

तिचं हिंदी मोडकं, बाबांचं इंग्रजी रेल्वेचं. तरी बाबांनी काय केलं? टीव्ही बंद केला. बातम्या चालू असताना. मी घरात येऊन बोलायला लागले की याच माणसाचा हात रिमोटकडे जातो, आवाज वाढवायला. माझ्याकडे काय कमी अडचणी होत्या? मला पोलीस चौकीत चार तास बसवून ठेवलं होतं, त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, “जेवलीस का?” आणि उत्तराची वाट न पाहता हवामानाचा अंदाज लावला होता. हिच्या वेण्या ओढल्या तर टीव्ही बंद!

त्या रात्री ड्राफ्ट उघडला. बघितला. मिटला.

मग वेळ टळली. वेळ टळल्यावर भरला तर ‘उशीर का’ विचारतील, म्हणजे बाबांना कळेल, म्हणजे ‘गेला’ हे खोटं पडेल. आमच्या गटात कुणी असं केलं असतं तर मी त्याला चारचौघांत सोलून काढलं असतं.

आणि ती घरात रुजत गेली. ‘आंटी’ची ‘आई’ झाली, कारण मी आई म्हणते हे तिने ऐकलं. बाबा तिला आगपेटीच्या काड्या मांडून सिग्नलचं इंटरलॉकिंग समजावायचे. एक गाडी आत घेतली की दुसरा सिग्नल आपोआप कसा अडकतो, ते. ती प्रश्न विचारायची. मी हे कधी विचारलं नव्हतं, कबूल. पण मला कधी काड्या मांडूनही दाखवल्या नव्हत्या. आईने तिच्यासाठी मक्याचं पीठ आणलं, करजणहून, ओळखीच्या गिरणीतून जाडसर दळून. आठवड्यातून दोनदा उकड. खांदा? खांद्याला काही झालेलं नव्हतं.

मला तिच्या अडचणींचाही हेवा वाटायचा, हे सांगायला लाज वाटते. तिला ताप आला तर आई रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत होती, कारण “परक्या देशात एकटी आहे पोर”. मी आपल्याच देशात होते, आपल्याच घरात. त्याला काही किंमत नसते. तिचं परकेपण सगळ्यांना दिसायचं. माझं त्याच घरात कुणाच्या नजरेला पडत नव्हतं.

उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, कळस झाला. बडोद्यात त्या दिवशी कुणी खाली नसतं, अख्खं शहर गच्चीवर. मी पाच वर्षांची असल्यापासून माझा पतंग आणि बाबांच्या हातात फिरकी, हे ठरलेलं. फिरकी धरणं सोपं काम नाही. ढील कधी द्यायची, कधी गुंडाळायचं, हे उडवणाऱ्याच्या खांद्यावरून ओळखावं लागतं. आम्हाला एकमेकांशी बोलावं लागत नव्हतं. वर्षातून दोन दिवस आमचं पटायचं.

मी जलेबी आणायला खाली गेले आणि वर आले तर बाबा तिची फिरकी धरून उभे. तिने कुणाचा तरी लाल पतंग कापला आणि ओरडली, “लपेट! लपेट!” बाबाही ओरडले. काकी टाळ्या वाजवत म्हणाल्या, “वाह, आ तो आपणी बडोदानी छोकरी थई गई!” पत्रक मी वाटलं, भांडले मी, आणि बडोद्याची मुलगी कोण झाली? मी जलेबीचा खोका टाकीवर ठेवला आणि खाली येऊन झोपले. कुणी बोलवायला आलं नाही. म्हणजे ती आली होती. मी झोपेचं सोंग घेतलं.

त्यानंतरच्या आठवड्यात तिला परवाना वाढवायच्या कामासाठी नोंदणीच्या कार्यालयात बोलावलं. शेवटचं सत्र उरलं होतं. परवाना वाढला नाही तर ते सोडून परत जायचं, पदवी अर्धवट. बँक खातं, मोबाइलचं सिम, सगळं त्या एका तारखेला बांधलेलं. मी दोन दिवस आधीच आजारी पडायचा विचार करत होते. पण बाबा म्हणाले, “तूही चल. तुला कायदे पाठ आहेत.”

साहेब पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी कागद उलटे केले, सुलटे केले, स्क्रीनवर पाहिलं. मग गुजरातीत विचारलं, या पत्त्यावरचा सी-फॉर्म कुठे आहे?

बाबा माझ्याकडे वळले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एक क्षण. तेवढा त्यांना पुरला. सिग्नलवाला माणूस, दिवा लाल आहे की हिरवा हे त्याला लांबून कळतं. ते साहेबांकडे वळून म्हणाले, “साहेब, भूल मारी छे. मने कम्प्युटर फावतुं नथी.”

चूक माझी, मला कॉम्प्युटर जमत नाही, असं म्हणाले ते. तेहतीस वर्षांच्या नोकरीत ज्यांच्या नावावर एक मेमो नव्हता. सिग्नलची चूक म्हणजे दोन गाड्या एका रुळावर, असं सांगत ज्यांनी मला वाढवलं, ते हात जोडून एका खुर्चीसमोर उभे होते. आणि तिचा चेहरा? ती बाबांकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती.

साहेब म्हणाले, फॉर्म आज भरा. आणि उशीर का झाला त्याचा लेखी खुलासा घरमालकाच्या सहीने उद्या आणा. त्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही.

घरी आल्यावर बाबा हिंचक्यावर बसले. “घे लिहायला,” मला म्हणाले. “वयोमानामुळे आणि संगणकाचं ज्ञान नसल्यामुळे...”

माझ्या हातून हे लिहवेना. किती खुलासे मी लोकांना लिहून दिलेत! किती अर्ज! आणि हा एक कागद.

“फॉर्म मी भरून ठेवला होता,” मी म्हणाले. “पाठवला नाही. मुद्दाम.”

बाबांनी पाय टेकवून हिंचका थांबवला. कड्यांचा आवाज बंद झाला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला पीठ.

“मुद्दाम म्हणजे?” आई म्हणाली.

“तू तिला उकड केलीस म्हणून.”

असं मोठ्याने म्हटल्यावर ते किती लहान वाटलं, ते मी सांगू शकत नाही. मी पुढे बरंच बोलले. टीव्ही, फिरकी, पट्ट्या, सगळं. माझा आवाज चढत गेला, सभेतल्यासारखा. आई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “तुला उकड हवी होती तर तोंड नव्हतं का? जगाला बोंबलून सांगतेस, आईला सांगायला काय झालं?”

“मागितली होती. तू खांदा दाखवलास.”

“कधी?”

मला एकही तारीख सांगता आली नाही.

एवढं सगळं मराठीत चाललं होतं, पण तिला ‘फॉर्म’ आणि ‘मुद्दाम’ आणि ‘उकड’ कळत होतं. घरात राहून एवढं येतंच. ती उठून खोलीत गेली. मला वाटलं आता दार लावेल, रडेल, बॅग भरेल. ती परत आली. हातात माझं पत्रक होतं. पहिल्या दिवशी फाटकाशी दिलेलं, व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं. तिने ते माझ्या मांडीवर टाकलं आणि चौथ्या मुद्द्यावर बोट ठेवलं.

“हे कुणी लिहिलं?” तिने विचारलं. “तू की दुसरी कुणी?”

उत्तराची तिने वाट पाहिली नाही. तिने लॅपटॉप स्वतः आणून माझ्यासमोर ठेवला आणि मी सबमिट दाबेपर्यंत मागे उभी राहिली. एका बोटाचं काम. एक सेकंदही लागला नाही.

खुलासा मी रात्री लिहिला. चार ओळी. घरमालक माझे वडील असून फॉर्म भरण्याची जबाबदारी मी घेतली होती. तो मी जाणूनबुजून पाठवला नाही. यात वडिलांचा किंवा विद्यार्थिनीचा काही दोष नाही. कळावे. मला तो कागद आवडला, हेही लिहिते. वाटलं, निदान एक खरं पत्रक तरी लिहिलं मी आयुष्यात. बाबांनी वाचलं, सही केली. फक्त सही करताना जोर जास्त दिला, कागद फाटायला आला.

साहेबांनी सकाळी तो वाचला. चष्मा खाली आणला, पुन्हा वाचला.

“जाणीजोईने? केम?” जाणूनबुजून? का, असं त्यांनी विचारलं.

“अदेखाई, साहेब,” मी म्हणाले. मत्सर. गुजरातीत म्हणताना जीभ अडली नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग बाबांकडे. मागच्या टेबलावरचा कारकून हसू दाबत होता. साहेब म्हणाले, असं कारण लिहिता येत नाही. ‘मुद्दाम’ असं लिहिलं की मला ते वर पाठवावं लागेल, चौकशी लागेल. तोवर या बेनचं सत्र संपेल. ‘शरतचूकथी रही गयुं’ लिहा. नजरचुकीने राहून गेलं. कोरा कागद त्यांनी स्वतःच पुढे सरकवला.

मी पेन उचललं नाही. सरकारी कागदावर खोटं लिहायला लावतात म्हणून मी किती भाषणं केली आहेत. इथे समोर बसून खोटं लिहायचं, आणि तेही माझ्याच बाबतीत? मी म्हणाले, “पण साहेब, खरं तर...”

तिने माझ्या दंडाला धरलं. घट्ट.

“मला तुझं खरं नकोय,” ती इंग्रजीत म्हणाली, हळू, शब्द शब्द तोडून. “मला शिक्का पाहिजे. लिही.”

मी लिहिलं. नजरचुकीने. बाबांनी सही केली, या वेळी अगदी सहज, वळणदार.

शिक्का पंधरवड्याने मिळाला. ती राहिली, सत्र पुरं झालं, परीक्षा झाली. आता निकाल लागायचाय आणि ती पुढच्या शिक्षणाचे अर्ज भरते, बाबांच्या शेजारी हिंचक्यावर बसून. माझ्याशी नीट बोलते. कामापुरतं. नवा फॉर्म आला की तो मला दाखवत नाही, स्वतः भरते आणि पोहोचपावती फ्रिजवर चुंबकाने लावते. सगळ्यांना दिसेल अशी.

तो पहिला, खरा खुलासा सोफ्याखालच्या एका गठ्ठ्यात आहे. मी तो अजून फाडलेला नाही.

उकड आता दोन वाडग्यांत येते. आई दोन्ही वाडगे एकदमच टेबलावर ठेवते, एकाच वेळी, मुद्दाम, माझ्याकडे बघत. तिच्या वाडग्यात तेल जास्त असतं. मी दर वेळी बघते.